काळा टाय, कमरबंद आणि 'कसंही या'

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महायुद्ध पेटलं. निमित्त अगदी साधं. माझा पुतण्या गेल्या वर्षापासून इथे, इंग्लंडात नोकरीला आहे. त्याच्या कंपनीने त्याला त्यांच्या व्यवसायाच्या वार्षिक समारंभाचं आमंत्रण दिलं. लंडनमधलं मोठं हॉटेल, रात्रीचं जेवण, बक्षिसं, भाषणं. आणि आमंत्रणाच्या खाली कोपऱ्यात दोनच शब्द, 'ब्लॅक टाय'. पोराने फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि विचारलं, "काका, म्हणजे नक्की काय घालायचं?"

प्रश्न मला होता. पण आमच्या घराण्यात प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर सगळे देतात.

दादा (म्हणजे पोराचे वडील) कराडहून म्हणाला, "त्यात काय विचारायचं? ताईच्या लग्नातला सूट आहे ना, एक काळा टाय विकत घे." वहिनी म्हणाली, "फेटा बांध, फोटो छान येतील." पुण्याच्या आत्याचं रक्त उसळलं. "इंग्रज १९४७ साली गेले, तुम्ही अजून त्यांचा टाय सोडायला तयार नाही. सरळ झब्बा-पायजमा घालून जा." बंगलोरचा मावसभाऊ म्हणाला, "आजकाल कपडे कोण बघतं? टी-शर्ट घालून लोक अब्जाधीश होतात." आणि शेवटी आमच्या काकांनी निकाल दिला, "कपड्यात काय आहे? माणसाने साधं असावं." यावर एकूण चौदा अंगठे आले.

मी फक्त "संध्याकाळी फोन करतो" एवढं लिहून गप्प बसलो. खाली जे लिहितोय ते म्हणजे त्या संध्याकाळी फोनवर जे बोललो ते, आणि ग्रुपवर बोललो असतो तर दिवाळीपर्यंत अबोला झाला असता तेही. (नातेवाईक हे पान वाचतात हे मला माहीत आहे. असो.)

आधी मी या विषयावर एवढा हळवा का आहे ते सांगतो.

२००४ चा नोव्हेंबर. मला इंग्लंडात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कंपनीचं वार्षिक जेवण होतं, सपत्नीक. आमंत्रणावर हेच दोन शब्द. मी दादाने आज केला तोच अर्थ केला. ऑफिसचा करडा सूट होता, पांढरा शर्ट होता, पाच पौंडांना एक लांब काळा टाय आणला. काम झालं! इंटरनेट तेव्हाही होतं, पण 'काळा टाय म्हणजे काय' हे इंटरनेटवर शोधावं असं कोणाला सुचेल? काळा म्हणजे काळा, टाय म्हणजे टाय.

दारातून आत गेलो आणि पोटात गोळा आला. दोनशे पुरुष, सगळे काळ्या कोटात, सगळ्यांच्या गळ्याला काळा बो. लांब टाय घातलेला अख्ख्या दालनात मी एकटा. बायको लग्नातली जांभळी पैठणी नेसून आली होती. तिच्याभोवती लगेच चार बायका जमल्या, पदरावरचे मोर बघायला. मी आमच्या टेबलावर जाऊन बसलो. शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी जरा वेळाने खुर्ची जवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्या घरी कोणी गेलं का?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. लांब काळा टाय इथे लोक घालतात तो अंत्ययात्रेला. मी नाही म्हटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांच्या लक्षात आलंय हे माझ्या लक्षात आलं. त्यांनी लगेच क्रिकेटचा विषय काढला. भला माणूस. पण पुढचे तीन तास मी काय खाल्लं आणि काय बोललो ते मला आजही आठवत नाही. माझ्या कामाबद्दल आमचे मोठे साहेब दोन मिनिटं येऊन बोलले, तेव्हा मी एका हाताने टाय कोटाच्या आत सरकवत होतो एवढं मात्र आठवतं.

परत येताना ट्रेनमध्ये मी फार चिडलो होतो. कुणावर? नियमावर. काय हा साहेबी माज, जेवायला बोलावतात आणि गळ्याचं माप घेतात, वगैरे वगैरे. आत्या आज जे बोलली ते सगळं मी त्या रात्री बोलून चुकलोय.

आज वीस-बावीस वर्षांनी मला वाटतं की मी चुकीच्या ठिकाणी चिडलो. नियम लिहिलेला होता. दोनच शब्दांत, पण लिहिलेला होता. मला तो वाचता आला नाही. कोणी पाच मिनिटं बसून समजावला असता तर आला असता. माझी फजिती नियमाने केली नाही. तो मला सांगणारं कोणी नव्हतं, आणि मला विचारायची लाज वाटली, त्याने केली.

तेव्हा माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लिहिलेला नियम हा नवख्या माणसाचा मित्र असतो. न लिहिलेला नियम हा आत बसलेल्यांचा मित्र असतो. आणि 'कपड्यात काय आहे' हे वाक्य साधेपणाचं वाटलं तरी ते बहुतेक वेळा आत बसलेला माणूसच म्हणतो.

पटत नाही? मग आपल्याच घरातलं उदाहरण घ्या.

"अगदी घरगुती कार्यक्रम आहे हो, कसंही या." हे वाक्य ऐकून फसला नाही असा मराठी माणूस मला दाखवा! आपण खरंच कसंही जातो. ऑफिसमधून थेट, किंवा सुती पंजाबी ड्रेसवर. आणि तिथे दारातच यजमानीण बाई ठेवणीतल्या पैठणीत, गळ्यात तन्मणी, नाकात नथ. सगळ्या जावा-नणंदा तशाच. मग ती सुप्रसिद्ध नजर येते, वरपासून खालपर्यंत, आणि पाठोपाठ "अय्या, असू दे गं, घरचंच तर आहे!" त्या 'असू दे' मध्ये जो अपमान आहे तो कुठल्याही 'ब्लॅक टाय' मध्ये नाही. कारण तिथे नियम होता, आतल्या सगळ्यांना माहीत होता, आणि तुम्हाला मुद्दाम किंवा नकळत खोटा सांगितला गेला.

वेषाचे नियम म्हणजे इंग्रजांची भानगड, हेही खोटं. आमच्या आजीच्या सोवळ्याचे नियम कुठल्याही लंडनच्या हॉटेलपेक्षा कडक होते. रेशमी कद किंवा धाबळी, तीही कोणी शिवलेली नसलेली. एरवी सणासुदीला काळं चालत नाही, पण संक्रांतीला मात्र काळी चंद्रकळाच हवी. हा आपला 'ब्लॅक टाय' नाही तर काय आहे? आमच्या पणजोबांच्या पिढीत शाळामास्तरसुद्धा धोतर, बंद गळ्याचा लांब कोट आणि टोपी असल्याशिवाय कोणाच्या घरी कार्याला जात नसत. बायकांनी आपला वेष टिकवला, म्हणून माझी बायको २००४ साली पैठणीत राणीसारखी बसली. पुरुषांनी आपला वेष कुठल्याशा दशकात खुंटीवर टांगला आणि विसरून गेले, म्हणून मी तिच्या शेजारी सुतक पाळत बसलो.

आता हा 'ब्लॅक टाय' नक्की काय असतो ते एकदाचं सांगतो, म्हणजे त्यात किती थोडं आहे हे कळेल.

काळा किंवा जवळजवळ काळा दिसणारा गडद निळा कोट, त्याच्या कॉलरच्या पट्ट्या रेशमी. त्याच कापडाची पँट, बाहेरच्या शिवणीवरून एक रेशमी पट्टी, खाली दुमड नाही, कमरेला पट्टा नाही (गॅलिस लावतात). पांढरा शर्ट, छातीवर बारीक चुण्या किंवा जाड विणीचं कापड, दुमडलेले कफ आणि त्यांना कफलिंक. काळा बो, शक्यतो हाताने बांधलेला. कमरेला कमरबंद किंवा खोल गळ्याचं जाकीट. लांब काळे मोजे, बसल्यावर नडगी दिसू नये म्हणून. चकचकीत पॉलिश केलेले काळे लेसचे बूट. संपलं. आठ-नऊ गोष्टी. बारशाला काय न्यायचं याची यादीसुद्धा यापेक्षा मोठी असते.

यातली गंमत अशी की हा कपडा मुळात 'घरगुती'च आहे. एकोणिसाव्या शतकात साहेब लोक रात्रीच्या जेवणाला मागे लांब शेपट्या असलेला कोट घालत. हेन्री पूल नावाच्या लंडनच्या शिंप्यांच्या सांगण्याप्रमाणे, १८६५ साली त्यांनी तेव्हाच्या युवराजासाठी, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डसाठी, एक आखूड निळा कोट शिवला. का, तर सँडरिंगहॅमच्या घरी अनौपचारिक जेवणात आरामात बसता यावं म्हणून! पुढे १८८६ साली न्यूयॉर्कजवळच्या टक्सिडो पार्कमध्ये एक क्लब निघाला, आणि त्याच्या नावावरून अमेरिकन लोक या कोटाला टक्सिडो म्हणू लागले. आजही याच्या वरची पायरी आहेच, 'व्हाइट टाय', शेपट्यांच्या कोटासकट.

आणि कमरबंद! शब्द फारसी, आपल्याकडे राहून मोठा झालेला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना उकाड्यात जाकीट सोसेना, म्हणून त्यांनी आपल्या लोकांच्या कमरेचा पट्टा उचलला. तेव्हा आत्या, त्या साहेबी वेषाच्या बरोबर मधोमध आपलाच शेला बसलाय, तो बघून तरी राग थोडा कमी कर. :)

तर हा नियम. तो शिकता येतो. पैसेही वाटतात तितके लागत नाहीत. एका रात्रीपुरता सगळा पोशाख भाड्याने मिळतो, दुकानदार माप घेऊन बुटांपर्यंत सगळं हातात देतो. मी माझा कोट २००५ साली एका धर्मादाय दुकानातून अठरा पौंडांना घेतला, खांदे थोडे उतरवून घेतले, आणि तोच अजून घालतो. वीस वर्षांत त्याची फॅशन बदललेली नाही. हेही नियमाचंच देणं. दरवर्षी बदलणारी ती फॅशन, आणि तिच्या मागे धावायला पैसा लागतो. न बदलणारा नियम गरिबाला एकदाच परवडला तरी पुरतो. त्या दालनात कंपनीचा मालक आणि काल लागलेला पोरगा एकाच कोटात असतात. मालकाचा कोट महाग असेल, पण दहा फुटांवरून कळत नाही.

आता मला खरा राग कशाचा येतो ते सांगतो. 'ब्लॅक टाय ऑप्शनल'. 'स्मार्ट कॅज्युअल'. 'फेस्टिव्ह'. 'तुमच्या कल्पनेप्रमाणे'. हे सगळे 'कसंही या' चे इंग्रजी भाऊबंद. यजमानाला वाटतं आपण किती उदार! प्रत्यक्षात त्याने नियम काढलेला नसतो, फक्त लपवलेला असतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या असे समारंभ झाले त्यांना 'ऑप्शनल' चा अर्थ बरोबर कळतो. ज्याच्या घरातला तो पहिलाच समारंभ आहे, तो बिचारा आरशासमोर उभा राहून घाम पुसतो. मला जेवायला बोलावणार असाल तर काय घालून येऊ ते स्पष्ट लिहा. पाळायचं की नाही ते मी बघीन.

आता काकांचा साधेपणा. काका, तुम्ही वडीलधारे, पण हे लिहायलाच हवं.

'कपड्यात काय आहे' हे वाक्य टी-शर्टवाल्या अब्जाधीशाला शोभतं, कारण त्याला दारावर कोणी अडवत नाही. त्याचा चेहराच त्याचं आमंत्रण. साधेपणा हा त्याचा छंद आहे. पण ज्याला दार उघडण्याआधी दोनदा बघितलं जातं, त्याला हे वाक्य सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला 'पाण्यात काय आहे' म्हणण्यासारखं.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर होते. घरात इस्त्री नव्हती. आई तांब्यात निखारे घालायची आणि अण्णा स्वतः त्या तांब्याने खाकी शर्टाची एकेक बाही कडक करायचे. पहाटे चारची गाडी असली तरी. एकदा मी विचारलं, "अंधारात कोण बघतंय अण्णा?" ते म्हणाले, "शर्ट चुरगळलेला असला की माणसं सुटे पैसे अंगावर टाकतात. कडक असला की हातात देतात." एवढंच. त्यांनी समाजशास्त्र वाचलं नव्हतं, पण कपड्यात काय आहे ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. काका, तुम्ही त्यांचे सख्खे भाऊ. तुमच्या मॅट्रिकच्या फोटोत अंगावर जो कोट आहे तो अण्णांनी शेजाऱ्यांकडून मागून आणला होता, हे तुम्हीच आम्हाला सांगितलंत.

आणि हे काही एका घराचं शहाणपण नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या बायकांना लुगडं कसं नेसावं ते सांगितलं होतं. जातीची खूण म्हणून लादलेली नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने टाका, लुगडं उच्चवर्णीय बायका नेसतात तसं नेसा. एवढ्या मोठ्या लढ्याच्या ऐन मध्यात तो माणूस कपड्यांवर बोलत होता, कारण त्याला माहीत होतं की वेष ही पाटी असते. आणि पाटी दुसऱ्याने लिहिली असेल तर ती आधी पुसावी लागते. त्यांचा स्वतःचा सूट हा शौक असेलही, पण नुसता शौक नक्कीच नव्हता.

इथे कोणीतरी गांधीजींचं नाव काढणारच. जरूर काढा. पण अर्धीच गोष्ट सांगू नका. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेलेले गांधीजी पंचा आणि चादर पांघरून बकिंगहॅम राजवाड्यात गेले, हे सगळे सांगतात. त्याआधी १८८८ साली तेच गांधीजी अठरा-एकोणीस वर्षांचे असताना विलायतेत उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत. सप्टेंबर संपत आलेला, तसे कपडे घातलेले ते एकटेच, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे त्यांनी स्वतः आत्मचरित्रात लिहिलंय. (वाचलं तेव्हा मला माझा काळा टाय आठवला आणि फार बरं वाटलं.) पुढे त्यांनी बाँड स्ट्रीटवर दहा पौंड मोजून संध्याकाळचा सूट शिवला, आणि तयार टाय लावणं बरं दिसत नाही म्हणून टाय बांधायलाही शिकले. म्हणजे १९३१ साली राजवाड्यात गेलेल्या माणसाला टाय बांधता येत होता. त्याने तो बांधला नाही. बांधता न येणं वेगळं आणि न बांधणं वेगळं.

याच्याही आधीचं उदाहरण आपल्या पुण्यातलं. १८८८ सालीच, मार्चमध्ये, ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. शहरातले बडे लोक नटूनथटून आलेले. त्यात जोतीराव फुले गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेषात, आणि तिथे उभं राहून बोलले की इथे दिसणारा देश म्हणजे खरा देश नव्हे, तो खेड्यात आहे. जोतीराव काही उघडे नव्हते. बांधकामाची कंत्राटं घेतलेला, पुण्याच्या नगरपालिकेचा सदस्य राहिलेला माणूस. चांगले कपडे त्यांना सहज घालता आले असते. त्या दिवशीचा त्यांचा वेष म्हणजे भाषणाचं पहिलं वाक्य होतं. आणि ते वाक्य सगळ्यांना कळलं, कारण तिथे वेषाचा नियम होता. सगळेच 'कसंही' आले असते तर जोतीरावांच्या वेषाकडे कोणी ढुंकून बघितलं नसतं.

म्हणजे तिघांचे तीन मार्ग. पण 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मला काय त्याचं' हा तिघांपैकी एकाचाही मार्ग नव्हता. नियम मोडायचा हक्क प्रत्येकाला आहे. मात्र आधी तो पाठ असावा लागतो, आणि मोडून काय म्हणायचंय तेही.

आता माझ्या विरुद्ध असलेला सगळ्यात भक्कम मुद्दा, तो मीच मांडतो. हेच लिहिलेले नियम माणसं बाहेर ठेवायलाही वापरले जातात, त्याचं काय? खरं आहे. २०१४ च्या जुलैमध्ये चेन्नईतल्या एका क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच दारातून परत पाठवलं, का तर ते वेष्टी नेसून आले होते. भारतात, तमिळनाडूत, तमिळ माणसाला वेष्टी नेसून बंदी! तिथे माझी सहानुभूती काडीमात्र क्लबाला नाही.

पण पुढे काय झालं ते बघा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तमिळनाडूच्या विधानसभेने कायदा केला, की पारंपरिक वेषामुळे कोणालाही असं अडवता येणार नाही. हे जमलं कशामुळे? नियम लिहिलेला होता म्हणून. लिहिलेल्या नियमावर बोट ठेवता येतं, भांडता येतं, तो बदलता येतो. 'असू दे गं, घरचंच आहे' या नजरेविरुद्ध कुठली विधानसभा कायदा करणार? तेव्हा यादी फाडून टाकू नका. यादीत आपलं नाव घाला.

आणि ते घातलं गेलंय, ही आत्यासाठी आनंदाची बातमी. इथल्या अनेक आमंत्रणांवर आता 'ब्लॅक टाय किंवा राष्ट्रीय पोशाख' असं छापलेलं असतं. नोबेलच्या समारंभातही राष्ट्रीय पोशाख चालतो, आणि २०१९ साली अभिजित बॅनर्जी धोतर आणि बंद गळ्याचा काळा कोट घालून पारितोषिक घ्यायला गेले, शेजारी एस्तेर डुफ्लो साडीत. त्यांच्याकडे बघून 'घरी कोणी गेलं का' असं विचारायची कोणाची छाती झाली नसती.

पण आत्या, अर्धाच गुण तुला. राष्ट्रीय पोशाख म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा चुरगळलेला झब्बा नव्हे. आपल्या माणसांच्या सर्वात मानाच्या, गंभीर प्रसंगी जे घालशील ते. काळा किंवा गडद निळा, साधा, नीट बेतलेला बंद गळा आणि खाली काळे बूट हे उत्तम. जरीची शेरवानी नको, ती नवरदेवाची. आणि वहिनी, फेट्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण पोराला तो बांधता येत नाही आणि लंडनमध्ये बांधून द्यायला तू नसणार. रात्री नऊला सूप पिताना फेटा सुटला तर फोटो फारच छान येतील.

फोनवर पोराला मी एवढंच सांगितलं. दोन रस्ते आहेत, दोन्ही मानाचे. बो लावून जा किंवा बंद गळा घालून जा. ज्यात जाशील त्यात पूर्ण जा. अर्धवट जाऊ नकोस. आमंत्रणावर राष्ट्रीय पोशाखाचं लिहिलेलं नाही, तर यजमानांना दोन ओळींचा ई-मेल कर आणि विचार. विचारण्यात कमीपणा नाही. मी विचारलं नाही म्हणून ती रात्र घालवली. तू तुझ्या कामाबद्दल बोलायला जातोयस, साहेब समोर आले तर तुझे दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

त्याने ई-मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "अवश्य, आम्हाला आनंदच होईल." एवढं सोपं होतं ते. मग शनिवारी तो माझ्याकडे आला, माझा अठरा पौंडांचा कोट अंगावर चढवून बघितला. खांदे बरोबर बसले. (आमच्या घराण्याचे खांदे सगळे सारखेच.) म्हणाला, "काका, पहिल्या वेळी हाच घालतो. पुढच्या वर्षी बंद गळा, तो पुण्याला शिवून घेईन." बो बांधायला आम्हाला दोघांना मिळून सात वेळा प्रयत्न करावे लागले. आठव्यांदा जमला, जरासा वाकडा. वाकडाच राहू दे म्हटलं, हाताने बांधलाय हे कळू दे.

मग व्हिडिओ कॉल लावून दादाला दाखवलं. दादाने बराच वेळ काही म्हटलं नाही. पोरगा वळून पाठ दाखवून परत समोर आला. दादाने फक्त विचारलं, "शर्टाला इस्त्री केलीस का?"

मी म्हटलं, करतो.

ता. क. आत्या, प्रतिक्रिया फोनवरच दे, ग्रुपवर नको. काका, रागावू नका, दिवाळीला भेटूच. आणि हो, दिवाळीला तुमच्याकडे काय घालून यायचं ते आधी लिहून कळवा. 'कसंही या' म्हणालात तर कमरबंद लावून येईन.